व्हय, तर, की… आणि हाओ

मिरजेच्या बाजारात ओळखीचं कुणी भेटलं की ‘जेवलासा का?’ हे ठरलेलं. उत्तरात नुसतं ‘होय’ क्वचितच येतं. येतं ते ‘जेवलो की!’ चीनमध्येही, विशेषतः जुन्या पिढीत, रामराम होतो तो असाच. ‘नी छ्र ल मा?’ जेवलात का? उत्तर ‘छ्र ल’, जेवलो. (हे उच्चार ढोबळच समजा, चिनी सूर देवनागरीत मावत नाहीत.) प्रश्नातलं क्रियापद उचलायचं आणि परत द्यायचं. सगळ्या प्रश्नांना पुरेल असा एकच ‘हो’ चिनीत नाही, म्हणून नवशिके भांबावतात. कराड-तासगावच्या माणसाला भांबावायचं कारण नाही. ‘हाय का?’ला ‘हाय की’ हे त्याच्या अंगवळणी पडलेलंच असतं.

शेजारच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, चिनी शिकले आणि १९४२ मध्ये तिथंच वारले. ‘इथं दुखतं का?’ असं जखमी सैनिकाला विचारल्यावर त्यांना उत्तर मिळत असणार ते ‘थंग’. दुखतं.

क्रियापद नसेल तिथं प्रसंग बघून शब्द निवडायचा. समोरचा खरं बोलला तर ‘त्वेइ’, आपलं ‘बरोबर हाय’. उत्साही माणूस तो तीनदा म्हणतो: त्वेइ-त्वेइ-त्वेइ! बेत मान्य असला तर ‘हाओ’, म्हणजे बरं. जमण्यासारखं असेल तर ‘शिंग’, थेट आपलं ‘चालतंय की’. ‘हाओ’ला ‘पा’ चिकटला की मात्र होकार कुरकुरतो. ‘बरं बाबा, तू म्हणतोस तर’ असा. आपल्याकडं ‘व्हय’ला चिकटलेल्या ‘तर’ची करामत उलटी, होकार पक्का करणारी. ‘व्हय तर!’ म्हणणाऱ्याला पुन्हा विचारायची सोयच नाही.

न बोलता दिलेला होकार मला जास्त मोलाचा वाटतो. आटपाडी तालुक्यातलं खरसुंडी खिलार जनावरांच्या यात्रेसाठी प्रसिद्ध आहे. जनावरांच्या बाजारांत जुनी रीत अशी, की हेडी आणि शेतकरी रुमालाखाली हात घालतात. किती बोटं धरली त्यावरून आकडा कळतो. शेकडा की हजार, हे दोघांना ठाऊकच असतं. भोवती दहा माणसं उभी असली तरी दर कुणाला कळत नाही. पटलं नाही तर हात काढून घ्यायचा, पटलं की इसार हातावर ठेवायचा. चीनच्या गुराढोरांच्या बाजारातही हेच चालत आलं, फक्त रुमालाऐवजी लांब बाहीत. तिथं एका हाताच्या खुणांवर दहापर्यंत मोजता येतं. अंगठा आणि करंगळी ताठ, बाकीची बोटं मिटलेली, की झाले सहा. दोन्हीकडच्या दलालांना एकमेकांकडून काही शिकायला लागलं नसतं.

मोबाईलवर मात्र चिनी माणूस भारी नाजूक. एकटा ‘अं’ पाठवला तर तो रुक्ष वाटतो. ‘अं अं’ पाठवला की आपुलकी. कामाच्या गटात साहेबांचा निरोप आला की हाताखालचे एकामागून एक ‘शौ-ताओ’ लिहितात, म्हणजे ‘मिळालं’. पटलं की नाही, हा प्रश्नच नाही. आपण तिथं अंगठा टाकतो.

आणि होकारासारखे दिसणारे नकार? ‘त्साइ श्वो पा’, म्हणजे पुढं बोलू. हे ऐकलं की व्यापाऱ्यानं दुसरं गिऱ्हाईक बघावं. आपला पाहुणाही मुलगी बघून, पोहे खाऊन निघताना म्हणतो, ‘कळवतो की!’