सेव्ह केलेली नावं

'पीपी नंबर' ही काय चीज होती, हे आताच्या पोरांना समजावताना घाम फुटतो. लग्नाच्या बायोडाट्यावर आपल्या नावाखाली शेजाऱ्याचा फोन नंबर लिहायचा आणि पुढे 'पी. पी.' अशी दोन अक्षरं टाकायची. फोन त्याचा, निरोप आपला. वडगाव रासाईसारख्या भीमाकाठच्या गावात पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ज्याच्या घरी फोन, त्याच्या ओसरीवर अख्ख्या आळीची सुखदुःखं. सासरी गेलेल्या लेकीचा फोन आला की एखादं पोरगं पळत सांगायला यायचं, आई पदराला हात पुसत निघायची आणि चारचौघांदेखत 'बरी हाईस ना?' एवढं विचारून रिसीव्हर ठेवायची. लेक बरी नसली तरी 'बरी हाय' म्हणायची. तिच्याही मागे तिकडे चार माणसं उभी असायचीच.

आमच्याकडच्या नात्यांत फोनमुळे काय काय उलटंपालटं झालं, याचा हिशेब मांडायला बसलो की मी त्या ओसरीपाशीच येऊन थांबतो. प्रेम, संशय, फसवणूक यातलं काहीच मोबाईलनं आणलेलं नाही. ते भीमेइतकंच जुनं. नवीन आली ती आडोशाची जागा. वाड्या-वस्त्यांवरच्या दोन खणांच्या घरात नवरा-बायकोला सासू-सासऱ्यांच्या कानाआड बोलायला जागा नव्हती. मोबाईल ही घरातली पहिली आतून कडी लागणारी खोली.

ही खोली आधी पुरुषांच्या हातात आली. मे २००३ पासून इनकमिंग फुकट झालं आणि खिशात फोन बाळगणं परवडायला लागलं. पैसे नव्हते, म्हणून मिस कॉलची भाषा तयार झाली. एक रिंग म्हणजे निघालो, दोन म्हणजे पोचलो, आणि रात्री जेवणं झाल्यावर आलेली अर्धी रिंग म्हणजे नुसतीच आठवण. तिला उत्तर द्यायचं नसतं, उलटी अर्धी रिंग द्यायची असते. माझ्या मते आमच्या भागातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सभ्य प्रेम ते.

त्याच सुमाराला नावं बदलून सेव्ह करणं सुरू झालं. ज्या पोरीशी बोलणं चालू आहे तिचा नंबर 'खत दुकान', 'गॅरेज', 'पाईपवाला' अशा नावांनी. पोरींच्या बाजूला कॉलेजातल्या मैत्रिणीचं नाव. आभासी ओळख म्हणून जिच्यावर मोठमोठे लेख लिहिले जातात ती आमच्याकडे अशी, संपर्कयादीतून आली. इथे स्वतःचं नाव बदललं जात नव्हतं, समोरच्याचं बदललं जात होतं. घरात कुणी फोन उचलून पाहिला तर पडद्यावर खत दुकान. फक्त खत दुकानाचा फोन रात्री साडेअकराला का येतो, हे सांगणं अवघड जायचं.

शहरातली आणि परदेशातली मराठी माणसं तोवर पुढे गेली होती. १९९६ पासून चालू असलेल्या 'मायबोली' या संकेतस्थळावर माणसं आयडीनं ओळखली जात, एकाच माणसाच्या दुसऱ्या सोंगाला 'डुआयडी' असा खास मराठी शब्द मिळाला होता आणि गाठीभेटींना 'गटग'. सोंग कुठलं आणि माणूस कोण, हे पावसाळी सहलीत एकमेकांना पाहून तपासायची सोय त्यांनी करून ठेवली होती. आमची पुण्याला शिकायला गेलेली पोरं ऑर्कुटवर गेली. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, तोवर गावात त्याचं नाव ऐकलेली माणसं बोटावर मोजण्याइतकी.

गाव खऱ्या अर्थानं ऑनलाईन झालं ते ५ सप्टेंबर २०१६ नंतर, जिओ आल्यावर. तोपर्यंत एक जीबी महिनाभर पुरवणारी माणसं दिवसाला एक जीबी संपवायला लागली. यात शेतीच्या लाईटचा वाटा मोठा आहे, तो सहसा कुणी सांगत नाही. उसाला पाणी द्यायची वीज कित्येक आठवडे रात्रपाळीची. बिबट्याच्या धास्तीनं जागं राहायचं, बांधावर बसायचं, आणि हातात फोन. रात्री एक ते चार या वेळात एकट्या माणसाला बोलायला कोण मिळणार? बायको दिवसभराच्या कामानं झोपलेली. जागी असते ती कुठली तरी अनोळखी डीपी. अशी किती संभाषणं उसाच्या कडेला सुरू झाली असतील, देव जाणे.

पण तेवढंच पाहणं अन्यायाचं होईल. हंगामात बीड आणि नगरकडून ऊसतोडीची जोडपी येतात. गावाकडे आजीपाशी ठेवलेलं लेकरू पूर्वी पाच-सहा महिने दृष्टीस पडायचं नाही. आता संध्याकाळी मोळ्या बांधून झाल्या की कोपीपुढे व्हिडिओ कॉल लागतो. लेकरू पडद्याला तोंड लावतं, इकडे आई काळ्या पडलेल्या बोटांनी त्याचं नाक पुसल्यासारखं करते. याला आभासी म्हणायचं असेल तर म्हणावं.

मग स्टेटस आलं. मला विचाराल तर गावच्या नात्यांवर सगळ्यात खोल परिणाम फेसबुकनं नाही, व्हॉट्सॲपच्या स्टेटसनं केला. बोलायचं एकाला आणि दाखवायचं सगळ्यांना. रुसलेली सून माहेराहून लेकीवर एखादं गाणं टाकते. ते नणंदेनं किती वाजता पाहिलं, नवऱ्यानं पाहिलंच नाही की रिसीट बंद करून पाहिलं, यावर दोन घरं झोपत नाहीत. पूर्वी निरोप घेऊन मामा जायचा. तो शब्द गाळायचा, कमी-जास्त करायचा, वाटेत राग थंड व्हायला वेळ मिळायचा. स्टेटसला मामा नाही.

तेच बायोडाट्याचं. मुळात बायोडाटा हीच आपली जुनी प्रोफाईल. चार एकरांचे सहा व्हायचे, रांजणगाव एमआयडीसीतल्या ठेकेदाराकडचा हेल्पर 'कंपनीत पर्मनंट' व्हायचा. फरक इतकाच, की तेव्हा मुलीचा चुलता नदी ओलांडून यायचा, पारावर चहा प्यायचा आणि बोलता बोलता मुलाचं खरं-खोटं काढून जायचा. सोयरिक या काठाची असो वा दौंडच्या, कुणी ना कुणी ओळखीचं निघायचंच. आता बायोडाटे वधू-वरांच्या ग्रुपांवर शेकड्यांनी पडतात आणि चुलत्याला त्यातला एकही माणूस ठाऊक नसतो. त्यात शेतकरी मुलांना मुली मिळेनात. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात बाशिंग बांधून, घोड्यावर बसून नवरदेवांचा मोर्चा जिल्हाधिकारी कचेरीवर गेला, तेव्हा लोक हसले. पस्तिशीच्या ज्या पोराला गेल्या सहा वर्षांत एकाही मुलीनं 'जेवलास का?' विचारलेलं नाही, त्याला अनोळखी नंबरवरून तसा मेसेज आला तर तो कुठल्या तोंडानं पुरावा मागणार? आधी गोड बोलणं, मग आजारी आई, मग प्रवासखर्च. किंवा एका रात्री व्हिडिओ कॉल आणि सकाळी पैशाची धमकी. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर आता लोकांना तोंडपाठ होत चाललाय, पण तो लावायचा तर आधी घरात सांगावं लागतं. तिथंच गाडी अडते.

अडाणी माणसंच फसतात, असं शहरात कुणाला वाटत असेल तर पुण्याच्याच डीआरडीओचं प्रकरण आठवावं. प्रयोगशाळेचे संचालक प्रदीप कुरुलकर यांना एटीएसनं मे २०२३ मध्ये अटक केली. आरोपपत्रात म्हटलंय की पाकिस्तानी हेरखात्याची बाई 'झारा दासगुप्ता' या नावानं, ब्रिटनमधली सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून त्यांच्याशी बोलत होती. त्या आरोपांचं काय ते न्यायालय ठरवेल. मला त्यातलं नाव लक्षात राहिलं. तेही कुणीतरी नीट विचार करून सेव्ह केल्यासारखं.

मुलींच्या हातात फोन आला तो करोनामुळे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तास मोबाईलवर गेले आणि जे बाप लेकीला फोनला हात लावू देत नव्हते त्यांनीच तो विकत आणून दिला. त्याच वर्षी २९ जूनला टिकटॉकवर बंदी आली, तोवर बांधावर, ट्रॅक्टरवर, चुलीपुढे नाचणाऱ्या सुनांचे व्हिडिओ लोकांनी पाहून झाले होते. पुढे त्या रील्सवर गेल्या. घरात डोक्यावरचा पदर ढळू न देणारी सून रीलमध्ये गॉगल लावून हसते. तिचं खरं रूप कुठलं, यावर गावात वाद झाले. मला दोन्ही खरी वाटतात. सासऱ्याला मात्र फक्त पदरवालीच खरी वाटते.

भांडणं आधी समितीपुढे जायची. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ साली १५ ऑगस्टला सुरू झाली, तेव्हा समितीपुढे बांधाचे, पाण्याचे, दारूचे तंटे यायचे. नवरा-बायकोच्या तंट्यात आता सतरंजीवर मधोमध फोन ठेवला जातो. स्क्रीनशॉट दाखवले जातात, आवाज मोठा करून रेकॉर्डिंग ऐकवलं जातं. पंच खाली बघतात. त्यांना साक्षीदाराला उलटं विचारायची सवय. रेकॉर्डिंगला काय विचारणार? वरच्या कोर्टातही हा गुंता पोचला. १४ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की जोडीदाराचं चोरून रेकॉर्ड केलेलं बोलणं वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून चालू शकतं. आणि एकमेकांवर पाळत ठेवण्यापर्यंत वेळ आली असेल तर ते नातं मोडल्याचंच लक्षण आहे. निकाल कायद्यानं बरोबर असेलही. पण तेव्हापासून बोलता बोलता समोरचा गप्प झाला की बोट कुठल्या बटनावर आहे हे बघण्याची खोड लागली, असं एकजण मला म्हणाला.

उपाय शोधणारी गावंही आहेत. आमच्याच नावाचं दुसरं वडगाव, सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव, तिथे ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजायला लागला. दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद. पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचं. पुसद तालुक्यातल्या बान्शीनं त्याच वर्षी अठराच्या आतल्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. मला भोंग्याचं कौतुक आहे. फक्त आमच्याकडे भोंगा वाजवायचा तर तो रात्री एकला वाजवावा लागेल, आणि तेव्हा लाईट आलेली असते.

लाईटवरून एक गोष्ट आमच्याकडे सांगतात, खरी-खोटी ज्याची त्याला माहीत. विहिरीवर आता सिमकार्ड टाकलेले मोबाईल स्टार्टर बसलेत. घरून फोन लावायचा, मोटर चालू. एका वस्तीवर नवरा रोज रात्री दोनला उठून, अंथरुणातच, कुणालातरी फोन करायचा आणि एक शब्द न बोलता ठेवून द्यायचा. बायकोनं आठ दिवस पाहिलं. नाव 'मोटर' म्हणून सेव्ह केलेलं. आता मोटर हे काय नाव झालं? खत दुकान, गॅरेज, पाईपवाला या सगळ्यांतून ती गेलेली होती. नवव्या रात्री तो झोपल्यावर तिनं तो नंबर लावला. पलीकडून गोड आवाजात एक बाई म्हणाली, 'मोटर बंद आहे. चालू करण्यासाठी एक दाबा.'

तिनं दाबला नाही. सकाळी नवऱ्याला विचारलं, 'ती कोण हाय?'