मौन आणि मुकेपणा

सभांतून आणि गिरण्यांच्या दरवाजांवर बोलण्यातच आमचे आयुष्य गेले. त्यामुळे मौनावर आम्ही बोलावे, याचे काही श्रोत्यांना हसू येईल. पण बायबल प्रथम हाती घेतले तेव्हा आम्हांला एका प्रश्नाचा उलगडा हवा होता. धर्मग्रंथ गरिबाला मुकाट्याने सोसायला शिकवितो, असा आमचा समज होता. बायबलातील मौन व आज्ञापालन त्याच जातीचे आहे काय?

प्रथम निर्गमाचे पुस्तक घ्या. इस्राएल लोक मिसर देशात विटा पाडीत होते. देवाच्या उत्सवासाठी त्यांना जाऊ द्यावे, अशी मागणी मोशेने केली. तेव्हा फारोने विटांसाठी मिळणारा पेंढा बंद केला आणि विटांचा आकडा मात्र तोच ठेवला. आकडा भरेना, म्हणून फारोच्या मुकादमांनी इस्राएली नायकांना मारले. नायक दाद मागायला गेले. उत्तर मिळाले, तुम्ही आळशी आहात. कामगारांत वावरलेल्याला हा प्रसंग समजावून द्यावा लागत नाही. पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, या लोकांच्या सुटकेचा आरंभ मौनाने नव्हे, आक्रोशाने होतो. देवाने तो ऐकला, असे ग्रंथ सांगतो. कण्हल्याबद्दल त्यांना दोष देत नाही.

मग मौन येते कोठे? समुद्रकाठी. पुढे पाणी, मागे फारोचे रथ. घाबरलेले लोक म्हणू लागतात, मिसरची गुलामीच बरी होती. तेव्हा मोशे त्यांना शांत राहण्यास सांगतो. येथे गप्प करावयाचे आहे ते भीतीला. आणि लगेच परमेश्वर मोशेला बजावतो की, माझा धावा कशाला, लोकांना पुढे चालू लागायला सांग. हे मौन पाऊल उचलण्यापूर्वीचे आहे.

हिब्रू भाषेत 'शमा' या एकाच क्रियापदाने ऐकणे आणि मानणे असे दोन्ही अर्थ व्यक्त होतात. आपल्या मराठीतही मूल आईचे 'ऐकते', म्हणजे तिच्या सांगण्याप्रमाणे वागते. ज्याला असे ऐकावयाचे आहे, त्याने आधी स्वतःची बडबड थांबविली पाहिजे. ईजबेल राणीच्या धमकीने पळालेला एलीया होरेब डोंगरावर पोहोचतो. वारा, भूकंप, अग्नी येऊन जातात; देव त्यांत नसतो. मग येतो एक सूक्ष्म, शांत स्वर. पण तो स्वर एलीयाला गुहेत बसवून ठेवीत नाही. कामे नेमून देऊन परत पाठवितो.

ईयोबाची गोष्ट आम्हांला अधिक झोंबली. त्याचे तीन मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ न बोलता बसले. त्यांनी केलेले चांगले काम तेवढेच. पुढे बोलू लागले ते त्यालाच दोषी ठरवीत. ईयोब मात्र थेट देवाशी भांडला. अखेर त्याने तोंडावर हात ठेवला हे खरे. पण देवाने निर्वाळा दिला तो ईयोबाच्या बाजूने, मित्रांच्या नव्हे. यंत्रात हात गेलेल्या एका सोबत्याच्या घरी आम्ही एकदा गेलो आणि टेकताक्षणीच नुकसानभरपाईचे नियम सांगू लागलो. त्याची आई आमच्याकडे नुसती पाहत राहिली. त्या दिवशी आम्ही त्या मित्रांपैकीच एक होतो.

पिलातापुढे येशू आरोपांना उत्तर देत नाही, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच्या आदल्या रात्री एका शिपायाने त्याला चपराक मारली, तेव्हा तो काय बोलला हे थोड्यांच्या ध्यानी असते. मी वाईट बोललो असेन तर ते दाखवून दे. नसेन, तर मारलेस का, असे त्याने विचारले. एकाच माणसाने दोन प्रसंगी दोन मार्ग धरले, आणि दोन्ही वेळा तो भ्यालेला नव्हता.

म्हणून कोणी मौनाचा उपदेश करू लागला की दोन गोष्टी पाहाव्यात: गप्प बसण्याने भीती ओसरते की वाढते, आणि त्या मौनानंतर माणूस चालू लागतो की जागीच बसतो. आमच्या वाचनाप्रमाणे, ज्या मौनाने माणूस जागीच बसतो ते फारोला हवे असलेले मौन होय.