एकच ऑपरेशन, दोन बिले : चंदा गोळा करण्याआधी एवढे विचारा

जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या दारात रुमाल पसरला जातो. कुणाच्या तरी वालिदांचे ऑपरेशन आहे, बिल मोठे आहे, मदत करा. आम्हीही खिशात हात घालतो. पण ते बिल कोणी वाचले का, हे आम्ही कधी विचारत नाही.

मध्यंतरी आमच्या नात्यातल्या एका खालांच्या पित्ताशयाचे ऑपरेशन ठरले. एका दवाखान्याने जो खर्च सांगितला, त्याच्या जवळपास दुप्पट दुसऱ्याने सांगितला. दोन्ही दवाखाने कोल्हापुरातलेच, दोन्हीकडे दुर्बिणीतूनच ऑपरेशन. मग फरक कशाचा?

पहिले कारण, खासगी दवाखान्याचे दर एरवी सरकार ठरवत नाही. ज्याचा त्याने ठरवायचा. कोविडच्या काळात मात्र सरकारने दर बांधून दिले होते. जून २०२१ च्या आदेशात कोल्हापूर 'ब' गटात होते. साध्या बेडला दिवसाला ३,००० रुपये, आयसीयूला ५,५०० आणि व्हेंटिलेटरसह ६,७००. साथ ओसरली, तशी ही मर्यादाही गेली. सीपीआरमध्ये, म्हणजे आपल्या थोरल्या दवाखान्यात, बिल कमी येते कारण बहुतेक खर्च सरकारी तिजोरीतून होतो. खासगीत जागा, यंत्रे, कर्जाचे हप्ते, नर्सचे पगार, सगळे रुग्णाच्या बिलातूनच निघते. म्हणून महाग दवाखाना म्हणजे लूटच, असे सरसकट म्हणणे बरोबर नाही.

दुसरे कारण खोलीचे. स्वतंत्र खोली घेतली की फक्त भाडे वाढते असे आपल्याला वाटते. पण अनेक ठिकाणी डॉक्टरांची रोजची फेरी, सर्जनची फी, भूल देणाऱ्या डॉक्टरांची फी, सगळेच खोलीच्या दर्जाप्रमाणे वाढते. डॉक्टर तेच, टाकेही तेच, पण बिल वेगळे.

तिसरे कारण औषधे आणि साहित्याचे. हृदयात बसवायच्या औषधी स्टेंटची छापील किंमत सरासरी सव्वा लाखाच्या घरात होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने ती २९,६०० रुपयांवर आणली. याच संस्थेने २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा काही वस्तूंवर १,७०० टक्क्यांहून जास्त नफा घेतल्याचे दिसले. वस्तू छापील किमतीलाच विकली जाते, म्हणून आपल्याला संशय येत नाही. पण मूळ खरेदी कितीला झाली, ते बिलावर नसते.

खालांच्या वेळी आम्ही दोन्हीकडून खर्चाचा अंदाज लिहून मागितला. तेव्हा कळले की स्वस्त वाटलेल्या आकड्यात औषधे आणि तपासण्या धरल्याच नव्हत्या आणि महाग आकड्यात स्वतंत्र खोली होती. दोन्हीकडे जनरल वॉर्ड आणि सगळा खर्च धरून पुन्हा लिहून घेतले, तर फरक निम्म्याहून कमी राहिला. एका कागदाने एवढे काम केले.

हा कागद मागायला लाजायचे कारण नाही. जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीचे नियम बदलले. त्यानुसार दवाखान्याने दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. तपशीलवार बिल मागणे हा आपला हक्क आहे. अंदाज घेताना खोली कोणती, औषधे धरली का, मुक्काम वाढला तर रोजचे किती, हे तीन प्रश्न विचारावेत.

पैसे जमवण्याआधी आणखी दोन दारे ठोठवावीत. महात्मा फुले जन आरोग्य योजना जुलै २०२४ पासून राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी खुली झाली आहे. यादीतल्या उपचारांना, यादीतल्या रुग्णालयांत, वर्षाला ५ लाखांपर्यंत. तिथे बसणाऱ्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून विचारावे. भरती झाल्यावर नव्हे, आधीच. दुसरे दार धर्मादाय रुग्णालयांचे. यांना १० टक्के बेड निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के बेड दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवावे लागतात. उत्पन्नाचा दाखला तयार ठेवला की धावपळ वाचते.

अचानक हार्ट अटॅक आला, अपघात झाला, तर हे विचारत बसायला वेळ नसतो, हे आम्हालाही कळते. तेव्हा आधी जीव. पण मोतीबिंदू, हर्निया, पित्ताशय, गुडघा, अशा ठरवून होणाऱ्या ऑपरेशनला दोन दिवस चौकशीचे मिळतात.

म्हणून प्रत्येक जमातीने शिकलेली दोन मुले-मुली या कामाला नेमावीत, असे आम्हाला वाटते. त्यांनी रुग्णाच्या घरच्यांसोबत जावे, अंदाज लिहून घ्यावा, योजना तपासावी आणि मग जेवढे खरोखर कमी पडते तेवढ्यासाठीच रुमाल पसरावा. जकातीचा पैसा अमानत आहे. एका बिलात वाचलेले दहा हजार पुढच्या घरच्या आजारपणाला कामी येतील.