मीटर, बोर्ड आणि मधली वायर : एका अनामिक वस्तूविषयी

मुंबईच्या जुन्या चाळींत विजेचे मीटर एकीकडे आणि खोलीतील फ्यूजबोर्ड दुसरीकडे, अशी रचना पुष्कळ ठिकाणी आढळते. ह्या दोहोंना जोडणारी तारांची जोडी जिन्याच्या भिंतीवरून व पॅसेजमधून खोलीपर्यंत जाते. ती जुनी झाली म्हणजे बदलावी लागते. आणि ती बदलण्याचा प्रसंग आला की एक विलक्षण अडचण उपस्थित होते. जी वस्तू बदलावयाची तिला व्यवहारातील मराठीत स्वतःचे असे नाव नाही. तिला ‘मेन वायर’ म्हणतात, ‘मीटरची वायर’ म्हणतात, ‘मेन लाईन’ही म्हणतात, पण ह्यांतील प्रत्येक नाव आणखी एखाद्या वस्तूलाही लागू पडते. ही संदिग्धता केवळ कोशकाराची चिंता नसून तिच्यामुळे माणसाच्या जिवाला अपाय होऊ शकतो, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

उदाहरणादाखल वरळीच्या बीडीडी चाळी घेऊ. गव्हर्नर जॉर्ज लॉइड ह्यांच्या कारकीर्दीत १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट ह्या खात्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि तेव्हाचा डिलाइल रोड, म्हणजे आजचा ना. म. जोशी मार्ग, येथे मिळून २०७ चाळी उभारल्या. त्यांपैकी १२१ एकट्या वरळीस होत्या. तळमजला व वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर मधोमध पॅसेज व त्याच्या दोन्ही अंगांना मिळून २० खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची, असा त्यांचा आराखडा. खाते केव्हाच विसर्जित झाले. त्याची तीन इंग्रजी आद्याक्षरे मात्र मराठी नाम होऊन राहिली आणि ‘बीडीडीत राहतो’ अशी निःसंकोचपणे विभक्तिप्रत्ययही घेऊ लागली. एका चाळीत ८० खोल्या म्हणजे ८० वीजजोडण्या आणि अशा तारांच्या ८० जोड्या. जेथे मीटर एकत्र मांडलेले असतात तेथे ह्या जोड्या एकमेकींना बिलगून वर चढतात आणि कोणती कोणाची हे जाणत्या वायरमनलाही एकदम सांगता येत नाही.

आता ‘मेन’ ह्या शब्दाकडे वळू. इंग्रजीतील विशेषण मराठीत नाम म्हणून रुळल्याची उदाहरणे थोडी नाहीत; ‘मेन’ हे त्यांतील एक होय. परंतु विशेषणाचे नाम होताना त्याचे विशेष्य गळून पडते, आणि गळालेले विशेष्य कोणते हे प्रसंगावरून ताडावे लागते. ‘मेन’ म्हणजे कधी मेन स्विच, कधी मीटरपासून येणारी तार, तर कधी वीजकंपनीची रस्त्याखालून येणारी मुख्य वाहिनी. बहुतेक वेळा प्रसंग अर्थ निश्चित करतो. ‘मेन बंद केला’ ह्या वाक्यात मात्र प्रसंग साह्यास येत नाही. कारण ऐकणाऱ्याच्या मनात ‘मेन बंद, म्हणजे सगळेच बंद’ असा अर्थ आपोआप उमटतो. वस्तुतः खोलीतील मेन स्विच बंद केल्याने त्या स्विचच्या पुढचा भाग तेवढा निर्जीव होतो. मीटरपासून स्विचपर्यंतची तार पूर्ववत् २३० व्होल्टच्या दाबाखाली राहते. ज्या तारेला हात घालावयाचा नेमकी तीच तार ‘मेन बंद’ ह्या उद्गाराच्या कक्षेबाहेर असते.

‘बंद’ हा शब्दही इतका सरळ नाही. शाळेच्या पुस्तकात बंद परिपथातून धारा वाहते आणि खुल्या परिपथातून ती वाहत नाही, असे शिकविले जाते. घरी तोच विद्यार्थी ‘लाईट बंद कर’ हे वाक्य नेमके उलट्या अर्थाने ऐकतो. एकाच शब्दाच्या ह्या दोन परस्परविरोधी योजना त्याच्या डोक्यात सुखाने नांदतात, कारण एक परीक्षेसाठी असते व दुसरी घरासाठी. ‘लाईट’चेही तसेच. संस्कृत विद्युत्, प्राकृत विज्जु ह्या परंपरेतून आलेली ‘वीज’ चाळीत मुख्यत्वे आकाशातच चमकते. भिंतीतून येते ती ‘लाईट’. ती पाहुण्यासारखी येते, जाते, पुन्हा येते, आणि महिन्याचे बिलही तिचेच. जी दिसते ती लाईट, हा ह्यातील गृहीत अर्थ. म्हणून दिवा विझला की लाईट गेली, आणि लाईट गेली की तारेत काही उरले नाही, असे अनुमान भाषेनेच आपल्या हाती ठेवलेले असते.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकांस येथे बेंजामिन ली व्होर्फ ह्यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. व्होर्फ (१८९७–१९४१) हे व्यवसायाने हार्टफर्ड येथील एका अग्निविमा कंपनीत आगप्रतिबंधक अभियंते होते. आगींच्या वृत्तांतांचे विश्लेषण करताना त्यांच्या ध्यानात आले की पेट्रोलने भरलेल्या पिपांजवळ माणसे सावधपणे वागतात, पण ‘रिकाम्या’ पिपांजवळ बेफिकिरीने धूम्रपान करतात. वास्तविक रिकाम्या पिपातील वाफ अधिक स्फोटक असते. हे उदाहरण १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात आहे. त्यावरून पुढे भाषा विचारांस बांधून टाकते की काय, ह्याविषयी जो वाद माजला त्यात शिरण्याचे येथे कारण नाही. व्याकरण माणसाचे जग घडविते हे मोठे विधान मला मान्य होण्याजोगे वाटत नाही. परंतु एखाद्या धोकादायक वस्तूवर चुकीची शब्दपट्टी लागली असता माणूस पट्टीप्रमाणे वागतो, हे छोटे विधान अबाधित आहे. आणि ‘मेन बंद’ ही आपल्याकडील ‘रिकामे पीप’ होय.

तार बदलण्याची गरज का पडते, हे थोडे आकड्यांनी पाहिले पाहिजे. जुन्या वायरमनांच्या बोलीत तारेचे माप संख्येच्या जोडीने सांगतात: ‘तीन-बावीस’, ‘सात-वीस’. पहिली संख्या तारेतील पेरांची, म्हणजे सुट्या धाग्यांची. दुसरी ब्रिटिश मापपद्धतीतील जाडीच्या क्रमांकाची. क्रमांक जितका मोठा तितका धागा बारीक, हे नवशिक्याला उलटे वाटते. चौरस मिलिमीटरात मांडले तर तांब्याच्या तीन-बावीसचा छेद सुमारे १.२ आणि सात-वीसचा सुमारे ४.६ भरतो. समजा, मीटरपासून तिसऱ्या मजल्यावरील खोलीपर्यंत तारेची लांबी ३० मीटर आहे. जाणारी व परतणारी मिळून ६० मीटर झाली. तीन-बावीसच्या इतक्या लांबीचा रोध सुमारे ०.८७ ओहम येतो. खोलीत ६० वॉटचा एक दिवा असे तोवर तारेतून जेमतेम पाव अँपिअर धारा जाई आणि सगळ्या लांबीत मिळून वॉटच्या सहा शतांशाइतकी उष्णता निर्माण होई. आज त्याच १६० चौरस फुटांत गीझर, वातानुकूलन यंत्र, फ्रीज आणि इस्त्री एकाच वेळी चालू असली तर ४ किलोवॉट, म्हणजे सुमारे १७ अँपिअर धारा लागते. उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे तीच तार आता २५० वॉट उष्णता सोडू लागते. वाढ चार हजार पटींहून अधिक. शिवाय खोलीत पोचणारा दाब सुमारे १५ व्होल्टने घटतो. सात-वीस घातल्यास उष्णता ६५ वॉटवर आणि घट चार व्होल्टच्या आत येते. ही सारी उष्णता मोकळ्या हवेत जाती तर गोष्ट वेगळी. येथे शेजारच्या तारांच्या जुडग्यात ती कोंडते, आणि जुन्या रबरी वा कापडी वेष्टणाचा ठिसूळपणा वाढवते. टोकाशी सैल झालेला स्क्रू ह्याहूनही घातक, पण त्याची चर्चा तंत्रविद्येच्या पुस्तकांत सापडेल.

येथेही शब्दाचा एक सापळा आहे. ‘फ्यूज आहे ना, मग भीती कसली?’ असे सर्रास बोलले जाते. बोर्डातील फ्यूज पुरेशा बारीक तारेचा असेल तर अतिभार तो रोखील, हे खरे. परंतु मधल्या तारेच्या स्वतःच्या मार्गात, समजा जिन्यातच, वेष्टण वितळून दोन तारा एकमेकींस टेकल्या, तर ती घटना त्या फ्यूजच्या अलीकडे घडते. बोर्डातील फ्यूजला तिची वार्ताही लागत नाही. त्या वेळी उपयोगी पडतो तो मीटरच्या आधी वीजकंपनीने बसविलेला कटआउट. पाठ्यपुस्तकाने फ्यूजला ‘वितळतार’ असा चांगला अन्वर्थक प्रतिशब्द दिला आहे. पण ‘कोणाची रक्षणकर्ती?’ ह्या प्रश्नाचे उत्तर त्याच्यातही नाही.

कायद्याची भाषा तरी नेमकी असेल, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांतील ५८ व्या नियमाने पुरवठ्याचा आरंभबिंदू ग्राहकाने बसविलेल्या कटआउटच्या आत येणाऱ्या टोकाशी मानला होता. ती नियमावली आता इतिहासजमा झाली आहे. महाराष्ट्र विद्युत् नियामक आयोगाच्या २००५ च्या पुरवठा-संहितेने, जिची जागा २०२१ मध्ये नव्या संहितेने घेतली, कमी दाबाच्या ग्राहकापुरता पुरवठाबिंदू वितरण-परवानाधारकाच्या कटआउटच्या बाहेर जाणाऱ्या टोकाशी ठेवला. दोन्हीकडे शब्द ‘कटआउट’च, एकीकडे तो ग्राहकाचा, दुसरीकडे कंपनीचा. अक्षरशः वाचल्यास एका व्याख्येने आपली तार कंपनीच्या बाजूस पडते, दुसऱ्या व्याख्येने ग्राहकाच्या. दोहोंचे हेतू वेगळे असल्यामुळे कायदेपंडितांस ह्यात विरोध दिसणार नाही, आणि व्यवहारात मीटरपुढची तार ग्राहकाचीच मानली जाते. परंतु ज्याला सूचनापत्र वाचून निर्णय घ्यावयाचा आहे त्याच्या हाती ह्यातून काय लागणार?

त्याच्या हाती बहुधा ‘ग्राहकांनी आपल्या अंतर्गत वायरिंगची तपासणी करून घ्यावी’ अशा धर्तीचे वाक्य लागते. ‘अंतर्गत’ म्हणजे लिहिणाऱ्याच्या दृष्टीने मीटरच्या पुढचे सर्व. वाचणाऱ्याच्या दृष्टीने ‘अंतर्गत’ म्हणजे खोलीच्या उंबरठ्याच्या आतले. जिना व पॅसेज त्याच्या लेखी सरकारचा. बीडीडी चाळींची मालकी शासनाची आणि देखभाल सार्वजनिक बांधकाम खात्याची होती, त्यामुळे ही समजूत अगदीच निराधार म्हणता येत नाही. बेस्ट उपक्रम मीटरपर्यंत येऊन थांबतो, खाते भिंतीपुरते पाहते, भाडेकरू उंबरठ्याच्या आत राहतो. तिघांच्या मधून जी तार जाते ती तिघांच्याही ‘अंतर्गत’ नाही.

इंग्लंडमधील वीजकारागीर ह्याच तारांना ‘टेल्स’, म्हणजे मीटरची शेपटे, म्हणतात, आणि मीटरपुढची ही शेपटे घरमालकाची असतात हे तेथे सर्वश्रुत आहे. शब्द थट्टेचा वाटला तरी तो एकाच वस्तूस लागतो, हा त्याचा गुण. १९६० मध्ये भाषा संचालनालयाची स्थापना झाल्यापासून मराठीत परिभाषेचे मोठे कार्य झाले. त्याविषयी अनादर न दाखविता असे म्हणावेसे वाटते की ‘मापकोत्तर संवाहिनी’सारखा शब्द तिसऱ्या मजल्यावर पोचणार नाही. ‘मीटरपुढची तार’ बरा, पण मराठीतील ‘पुढे’ डोळ्यांसमोरच्यालाही लागते व नंतरच्यालाही. माझ्या मते ‘मधली वायर’ हा शब्द योजावा. ‘मधली सुट्टी’, ‘मधला भाऊ’ ह्यांच्या संगतीत तो सहज बसतो. मीटर आणि बोर्ड ह्या दोन्ही टोकांची तो आठवण देतो. आणि ‘वायर’चे स्त्रीलिंग बोलीत कायम झालेलेच आहे.

वरळीच्या पुनर्वसन इमारतींतील पहिल्या ५५६ सदनिकांचा ताबा ऑगस्ट २०२५ मध्ये रहिवाशांस मिळाला. तेथील तारा नव्या आहेत, परंतु ‘मेन’ हा शब्द जुन्या खोलीतून सामानाबरोबर आलेला आहे, आणि मुंबईत जुन्या चाळीही अद्याप पुष्कळ आहेत. म्हणून सूचनापत्रासाठी पुढील मजकूर सुचवितो: ‘मीटरपासून तुमच्या खोलीतील बोर्डापर्यंत येणारी मधली वायर, ती जिन्यातून वा पॅसेजमधून जात असली तरी, तुमची आहे. खोलीतील मेन स्विच बंद केला तरी मधली वायर चालूच राहते. ती बदलताना मीटरच्या आधीचा कटआउट वीजकंपनीच्या माणसाकडून काढून घ्यावा, मीटरच्या सीलला हात लावू नये, आणि काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करवून घ्यावे.’