पूलची 'ब्रेक-जंप' काठी : किती खर्च करावा आणि कशावर?

थंडी पडू लागली की आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांची बेसमेंट्स जागी होतात. घर विकताना 'आता हे धूड कोण उचलून नेणार?' म्हणून आधीच्या मालकाने मागे सोडलेले पूलचे टेबल आपल्यापैकी अनेकांकडे आहे. संक्रांतीचा तिळगूळ वाटून झाला, जेवणे आटोपली की मंडळी खाली उतरतात आणि मध्यरात्रीपर्यंत डाव रंगतात. अलीकडे वहिन्याही काही मागे नाहीत! काही उत्साही सभासद तर आठवड्यातून एकदा लीगमध्ये जाऊन खेळतात.

खेळ जरा जमू लागला की एक प्रश्न हमखास पुढे येतो : ब्रेकसाठी, म्हणजे सुरुवातीचा त्रिकोण फोडण्यासाठी, वेगळी काठी घ्यावी का? आणि उडीची, म्हणजे जंपची, आणखी वेगळी? किमती पाहिल्या तर शंभर डॉलर्सच्या आत सुरू होऊन सहज पाचशे-सहाशेच्या पुढे जातात. ज्या घरात मुलांच्या कॉलेजसाठी दरमहा पैसे बाजूला टाकायचे असतात, भारतातून येणाऱ्या आईवडिलांचे तिकीट आणि विमा काढायचा असतो, त्या घरात चारशे डॉलर्सची काठी हा गमतीचा विषय राहत नाही. पण दुसरी बाजूही आहे. पंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी आपणहून तासभर आईवडिलांबरोबर घालवते अशा जागा या देशात फार थोड्या. पूलचे टेबल ही त्यांपैकी एक. तेव्हा 'कशाला हवीत ही थेरं?' म्हणून विषय उडवून लावण्यापेक्षा नीट हिशेब मांडलेला बरा.

वेगळी काठी कशासाठी?

नेहमीच्या काठीच्या टोकाला चामड्याची टिप असते. ती थोडी मऊ असते म्हणून खडू धरते, आणि म्हणूनच पांढऱ्या बॉलला हवी तशी फिरकी देता येते. हीच काठी घेऊन दर डावाला पूर्ण ताकदीने त्रिकोण फोडला तर टिप चेपते, तिच्या कडा छत्रीसारख्या बाहेर येतात आणि नाजूक फटक्यांचा भरवसा जातो. मग टिप पुन्हा घासून आकारात आणा, नाहीतर बदला. ब्रेकची वेगळी काठी ठेवण्याचे पहिले कारण हे, की खेळायची काठी चांगली राहावी. ताकद हे दुसरे कारण.

ब्रेकच्या काठीची टिप कठीण असते. एक प्रकार दाबून घट्ट केलेल्या चामड्याचा आणि दुसरा फिनॉलिक रेझिनचा. हे फिनॉलिक म्हणजे आपल्या लहानपणी घरात जे काळे बेकलाइटचे स्विच असत त्यांच्याच कुळातले. पूलचे चांगले बॉलही फिनॉलिकचेच असतात. कठीण टिप आघाताच्या वेळी कमी दबते, त्यामुळे आपल्या हाताची ऊर्जा टिपमध्ये जिरण्याऐवजी बॉलमध्ये जास्त जाते. याची किंमत म्हणजे ती खडू कमी धरते आणि फिरकी देताना घसरते. म्हणून ब्रेकच्या काठीने सगळा डाव खेळू नये, आणि ब्रेक करताना बॉलच्या मध्यावरच मारावे.

वजनाचे गणित

दुकानात बहुतेकांचा कल जड काठीकडे असतो. 'जड हातोडा, मोठा घाव' हे म्हणणे पटण्यासारखे आहे, पण आकडे वेगळे सांगतात. बॉलला मिळणारा वेग काठीचा वेग, टक्कर किती उसळती आहे, आणि काठीचे वजन भागिले काठी व बॉल यांचे मिळून वजन, या तिन्हींवर अवलंबून असतो. बॉल ६ औंसांचा धरू. १९ औंसांच्या काठीसाठी शेवटचा भागाकार ०.७६ येतो, २१ औंसांसाठी ०.७७८. म्हणजे हाताचा वेग तोच राहिला तर दोन औंस वाढवून बॉलचा वेग जेमतेम २.३ टक्के वाढतो. आणि जड काठीमुळे हात तीन टक्के मंदावला, तर फायद्याऐवजी तोटाच!

आता टिपकडे पाहू. टक्कर किती उसळती आहे हे दाखवणारा अंक साध्या टिपसाठी ०.७५ आणि कठीण टिपसाठी ०.८५ समजा. सूत्रात हा अंक एकात मिळवून येतो, म्हणजे १.७५ च्या जागी १.८५. वाढ झाली ५.७ टक्क्यांची. तात्पर्य, पैसे द्यायचेच असतील तर ते टिपसाठी द्यावेत. वजन आपल्या नेहमीच्या काठीइतके, म्हणजे १८ ते २० औंसांच्या दरम्यान असले की पुरे.

कॅरम खेळलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. बोर्ड फोडताना जो नुसता जोर लावतो त्याचा स्ट्रायकरच भोकात जातो. ज्याचा नेम पक्का त्याच्या सोंगट्या छान पसरतात. एट-बॉलच्या जागतिक नियमांप्रमाणे ब्रेकला एकही बॉल पडला नाही तर निदान चार बॉल तरी कडांना लागावे लागतात. पहिल्या बॉलवर पांढरा बॉल भरीव लागला तर त्यासाठी राक्षसी ताकद लागत नाही.

उडी कशी घडते?

पुण्या-मुंबईच्या जिमखान्यांत स्नूकर खेळलेल्या मंडळींना उडी मारणे म्हणजे फाउल असे वाटते, आणि स्नूकरमध्ये ते खरेही आहे. पूलमध्ये मात्र उडी नियमात बसते, पण ती वरून मारलेली हवी. विटी कोलतो तशी काठी बॉलखाली घालून त्याला उचलणे हा फाउल. काठीची मागची बाजू उंच करून पांढऱ्या बॉलवर तिरके, खालच्या दिशेने मारायचे. कापडाखाली पाटीचा दगड असतो. बॉल त्यावर दाबला जातो आणि उसळून आडव्या आलेल्या बॉलवरून पलीकडे जातो.

यात काठीचे वजन का महत्त्वाचे? बॉल दगडावरून लगेच वर येतो. तेवढ्या क्षणात काठीचे टोक त्याच्या वाटेतून बाजूला झाले पाहिजे. १९ औंसांची काठी पुढेच रेटत राहते आणि बॉलची वाट अडवते. ८ ते १० औंसांची काठी मात्र आघातानंतर लगेच मागे हटते. म्हणून उडीची काठी हलकी, आखूड आणि कठीण टिपची असते.

'ब्रेक-जंप' ही दोन्ही कामांची एकच काठी. तिला दोन जोड असतात. सबंध काठी ५८ इंचांची. मागचा सुमारे १६ इंचांचा जड दांडा फिरवून सोडवला की पुढे ४२ इंचांच्या आसपास हलकी काठी उरते. जागतिक नियमांनुसार काठी किमान ४० इंच लांब असावी लागते, वजन २५ औंसांपेक्षा जास्त चालत नाही, आणि टिप १४ मिलिमीटरपेक्षा रुंद नको. चांगल्या कंपनीची काठी या मापांत बसते, पण अगदी स्वस्त काठीचा पुढचा भाग मोजूनच घ्यावा.

एक सूचना महत्त्वाची आहे. लीगचे नियम सगळीकडे सारखे नसतात. कित्येक लीगमध्ये ब्रेकची वेगळी काठी चालते, पण उडीची चालत नाही. कित्येक क्लबांत तर कापड खराब होते म्हणून उडीलाच बंदी असते. काचतंतूंच्या अतिकठीण टिपाही काही ठिकाणी वर्ज्य आहेत. आधी नियमपुस्तक पाहा, मग पाकिटात हात घाला.

खर्चाचे चार मार्ग

पहिला मार्ग जवळजवळ फुकटाचा. क्लबमध्ये भिंतीला लावलेल्या काठ्यांपैकी एक सरळ काठी निवडावी आणि तिने ब्रेक करावा. महिन्यातून एकदा खेळणाऱ्याने यापुढे जाण्याचे काही कारण नाही.

दुसरा मार्ग वीस ते चाळीस डॉलर्सचा. घरात जुनी, पण सरळ काठी पडलेली असेल तर कारागिराकडून तिला कठीण टिप बसवून घ्यावी. ब्रेकची काठी तयार! माझ्या मते बेसमेंटच्या टेबलासाठी हा सर्वोत्तम सौदा आहे.

तिसरा मार्ग शंभर ते दोनशे डॉलर्सचा. या किमतीत सर्वसाधारण ब्रेक-जंप काठी मिळते. मेपल लाकूड, १३ मिलिमीटरच्या आसपास फिनॉलिक टिप, दोन जोड. आठवड्यातून एकदा लीगमध्ये खेळणाऱ्यासाठी हा मार्ग योग्य. समजा, एका संध्याकाळी आपल्या वाट्याला तीन ब्रेक आले आणि वर्षात पन्नास आठवडे खेळलो, तर दीडशे ब्रेक झाले. दीडशे डॉलर्सची काठी पाच वर्षे टिकली तर एका ब्रेकला वीस सेंट पडतात. हा खर्च डोळ्यांत येण्यासारखा नाही.

चौथा मार्ग पाचशे डॉलर्स आणि पुढचा. यात कार्बन फायबरचा पुढचा भाग येतो. तो वाकत नाही, जोडही उत्तम असतात. वस्तू चांगली आहे यात वाद नाही. पण दीडशेच्या काठीने ज्याचा ब्रेक तिरका लागतो त्याचा सहाशेच्या काठीनेही तिरकाच लागणार.

उडीसाठी पैसे देण्याआधी एक सोपा प्रयोग करा. महिनाभर डाव खेळताना, खरोखर उडीशिवाय गत्यंतर नव्हते असे प्रसंग कागदावर मांडा. आपण कॅरमवर वाढलेली माणसे. कडेवर आपटून रिबाउंडने सोंगटी घेणे हे आपल्या हातातच असते. पूलमध्येही आडव्या बॉलला वळसा घालून कडेवरून जाण्याचा हा मार्ग बहुतेक वेळा खुला असतो, आणि त्याला वेगळी काठी लागत नाही!

विकत घेताना

काठी जोडून टेबलावर लोळवा आणि टोक हलते का पाहा. मग ती बंदुकीसारखी डोळ्यापाशी धरून रेषेत आहे का तेही पाहा. दोन्ही जोड घट्ट करून तळहाताने दांड्यावर हलकी चापट मारा. खुळखुळ किंवा गुणगुण ऐकू आली तर जोड सैल समजावा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा उपयोगी पडतो. मागचा दांडा काढून उरलेल्या भागाचे वजन करा. ते १२ औंस भरले तर ती काठी ब्रेकला चालेल, उडीला त्रास देईल. परत घेण्याची मुदत आणि काठी वाकल्यास मिळणारी हमी लेखी असावी. नामांकित कंपनीची काठी निम्म्या किमतीत कोणी देऊ केली तर ती नक्कल असण्याची शक्यता धरून चालावे.

घरी आणल्यावर लाकडी काठी गाडीच्या ट्रंकमध्ये ठेवू नये. उन्हाळ्याची भट्टी आणि हिवाळ्याचे गोठण दोन्ही तिला बाधतात. दमट बेसमेंटमध्ये भिंतीला तिरकी टेकवून ठेवलेली काठीही हळूहळू वाकते. उडीचा सराव करताना कापडाचा एक जादा तुकडा टेबलावर अंथरावा. नवे कापड बसवून घ्यायला काठीइतकाच, कधी त्याहून जास्त खर्च येतो.

खांदा आणि मुले

दिवसभर कीबोर्डवर बसून संध्याकाळी एकदम पूर्ण ताकदीने ब्रेक मारणे खांद्याला मानवत नाही. आपल्या समाजात मधुमेहाचे प्रमाण मोठे आहे, आणि मधुमेहींमध्ये खांदा आखडण्याची तक्रार इतरांपेक्षा अधिक आढळते. आधी पाच मिनिटे खांदे, मनगटे आणि कंबर मोकळी करावी. पहिले दोन-तीन ब्रेक सत्तर टक्के ताकदीने मारावेत. उडी मारताना कोपर विचित्र कोनात येतो, म्हणून सलग अर्धा तास तोच सराव नको. दुखणे रात्री झोपमोड करू लागले तर डॉक्टरांना दाखवावे.

लहान मुलांची काळजी सर्वांत महत्त्वाची. पूलचा बॉल साडेपाच ते सहा औंसांचा, म्हणजे जवळजवळ लेदरच्या क्रिकेट बॉलइतका जड आणि त्याहून कठीण. फसलेली उडी टेबलाबाहेर जाते, आणि टेबलाच्या उंचीवर चार-पाच वर्षांच्या मुलाचे तोंड असते. उडीच्या वेळी समोर आणि बाजूला कोणीही उभे राहू नये, हा घरचा नियम पहिल्या दिवशीच करून टाकावा.

थोडक्यात, अधूनमधून खेळणाऱ्याने जुन्या काठीला कठीण टिप बसवावी. नियमित खेळणाऱ्याने दीडशेच्या आसपासची ब्रेक-जंप काठी घ्यावी, तीही लीगचे नियम वाचून. उरलेल्या पैशांत मुलाला किंवा मुलीला खेळायची एक साधी, सरळ काठी घेऊन द्यावी. वर्षभरात ती आपल्याला हरवू लागली तर पैसे वसूल झाले असे खुशाल समजावे!