वाघाच्या गळ्यातला अँटेना

पट्टेरी वाघाच्या अंगावर चंद्रपूर-गडचिरोलीत आता आणखी एक पट्टा दिसू लागला आहे, आणि तो माणसाने बांधलेला आहे. ताडोब्यात जिप्सीतून फिरणाऱ्या हौशी छायाचित्रकाराला ही रेडिओ कॉलर खटकते. त्याचा फोटो बिघडतो. वैनगंगेच्या दोन्ही काठांवर, ब्रह्मपुरी आणि वडसा वनविभागातल्या गावांत मात्र तिच्याबद्दल वेगळाच प्रश्न विचारला जातो. ‘कॉलर लावली आहे ना, मग वाघ कुठे आहे ते आम्हांला आधी का सांगत नाही?’ एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपानं तोडायला ही माणसं उजाडायच्या आत रानात शिरतात. वाकून काम करणाऱ्या माणसावर वाघ झडप घालतो तेही याच दिवसांत. त्यामुळे प्रश्न अगदी रास्त आहे. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, आणि मला वाटतं त्याच्या उत्तराचा बराच मोठा भाग त्या पट्ट्यात शिवलेल्या तारेत आहे.

लोकांची समजूत अशी की कॉलर म्हणजे वाघाच्या गळ्यातला मोबाइल. प्रत्यक्षात तिच्यात निदान तीन वेगवेगळी कामं चालतात. पहिलं जुनं काम : १५० मेगाहर्ट्झच्या आसपास ‘टिक, टिक’ अशी खूण सतत सोडत राहायची, म्हणजे हातात यागी अँटेना धरून फिरणाऱ्या माणसाला दिशा कळते. १९६१मध्ये क्रेगहेड बंधूंनी अमेरिकेतल्या यलोस्टोनमध्ये ग्रिझली अस्वलांच्या गळ्यात असेच पट्टे बांधले. नेपाळच्या चितवनमध्ये सत्तरच्या दशकात वाघांना कॉलर लागली, आणि आपल्याकडे उल्हास कारंत यांनी १९९०च्या सुमारास नागरहोळेत. दुसरं काम जीपीएस उपग्रहांचं ऐकून स्वतःची जागा ठरवण्याचं. तिसरं, ठरलेली जागा दुसऱ्या उपग्रहामार्फत खाली कळवण्याचं. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा या तालुक्यांत मोबाइलचं जाळं किती विरळ आहे हे तिकडे गेलेल्याला सांगायला नको; तिथे टॉवरच्या भरवशावरची कॉलर कुचकामी ठरते, आकाशच गाठावं लागतं. या तिन्ही कामांना अँटेना लागतो, आणि सगळे अँटेना एकाच गोल मानेवर बसवायचे असतात.

वक्र पृष्ठभागाला चिकटून बसणारे अँटेना ही मुळात विमानं आणि क्षेपणास्त्रांची गरज. वेगाने जाणाऱ्या नळीवर काही बाहेर आलेलं चालत नाही. १९७४मध्ये रॉबर्ट मन्सन यांनी क्षेपणास्त्राच्या अंगाभोवती पट्ट्यासारखा गुंडाळता येणारा, छापील तांब्याचा पातळ अँटेना मांडला. त्या विषयातला हा मैलाचा दगड. पण क्षेपणास्त्राचं अंग धातूचं असतं. धातू लहरी परतवतो, पीत नाही. वाघाची मान म्हणजे स्नायू, रक्त, मिठाचं पाणी. ती लहरी पिते. पाठ्यपुस्तकातला वक्रतेचा प्रश्न इथे मांसाच्या प्रश्नात मिसळतो, म्हणूनच मला हा विषय क्षेपणास्त्रापेक्षा अवघड आणि जास्त रंजक वाटतो.

आधी नुसती वक्रता पाहू. १५० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी हवेत २ मीटर. साधा तारेचा अँटेना या लांबीच्या पाव असावा लागतो, म्हणजे ५० सेंटिमीटर. मोठ्या वाघाच्या मानेचा घेर ७० सेंटिमीटर धरा. तार पट्ट्याच्या आतून फिरवली तर ती मानेला पाच-सप्तमांश वेढा घालते. सरळ तारेत वीजप्रवाह सगळीकडे एकाच दिशेने धावतो, त्यामुळे तारेच्या प्रत्येक तुकड्यातून निघणारी लहर दुसरीला जोड देते. वेढा घातलेल्या तारेत मानेच्या डाव्या बाजूचा प्रवाह वर चढतो, तर उजव्या बाजूचा खाली उतरतो. एकाच गाडीला दोन टोकांना बैल जुंपून विरुद्ध दिशांना हाकावेत तसं होतं. तारेची सुरुवात आणि शेवट यांच्यातलं सरळ अंतर मोजलं तर ते जेमतेम साडेसतरा सेंटिमीटर भरतं. हिशेब ढोबळ आहे, कारण तारेच्या टोकाकडे प्रवाह तसाही मंदावतो. पण ५० सेंटिमीटर तारेपैकी किती कामी येते याचा अंदाज यावा. मोकळ्या हवेतसुद्धा शक्ती चौथ्या हिश्शावर आली की ऐकू येण्याचं अंतर निम्मं होतं. बांबूच्या बेटांत आणि पावसाळी सागाच्या ओल्या पानांत ते त्याहून वेगाने घटतं.

मग तारेचं टोक पट्ट्याबाहेर मोकळं का सोडत नाहीत? काही प्राण्यांच्या कॉलरमध्ये सोडतातही, आणि पल्ला वाढतो. पण वाघीण पिल्लांत असली, की लोंबणारी तार पिल्लांचं खेळणं होते आणि दातांनी कुरतडली जाते. झुडपात अडकून वाकते ती वेगळीच. म्हणून मार्जारकुळासाठी तार बहुधा पट्ट्याच्या दोन थरांमध्येच शिवतात आणि पल्ल्याचं नुकसान सोसतात.

आता जीपीएसचा अँटेना घ्या. त्याची लहर १५७५ मेगाहर्ट्झची, लांबी १९ सेंटिमीटर. अँटेना म्हणजे चिनी मातीसारख्या पदार्थाची, साधारण अडीच सेंटिमीटरची चौकोनी चकती. त्या पदार्थात लहर आखडते, म्हणून चकती इतकी लहान करता येते. ११ सेंटिमीटर त्रिज्येच्या मानेवर एवढ्या तुकड्याखाली वक्रतेचा फुगवटा एक मिलिमीटरही नसतो. पृथ्वी गोल असूनही अंगण आपल्याला सपाट वाटतं, तसं. म्हणजे एकाच मानेवर एका अँटेनासाठी पूर्ण वर्तुळ असतं आणि दुसऱ्यासाठी मैदान. वाकणं ही केवळ पृष्ठभागाची गोष्ट नाही. त्यावर काय ठेवलं आहे त्याची लांबी किती, यावर ती ठरते.

या चकतीची अडचण वेगळी. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवर आहेत आणि जमिनीवर पोहोचणारी त्यांची शक्ती कल्पनेपलीकडे क्षीण असते. एका वॅटचे कोटी भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा कोटी, आणि त्यातल्या एकाचे शंभर, साधारण तेवढी. ही कुजबुज ऐकायची तर चकतीचं तोंड आकाशाकडेच हवं. म्हणून ती मानेच्या वर बसवतात आणि बॅटरीचा जड डबा गळ्याखाली टांगतात. डबा लंबकासारखा खाली ओढतो, चकती वर राहते. साधी युक्ती, माझ्या मते सगळ्या कॉलरमधली सर्वांत सुंदर.

आता मांस. १५० मेगाहर्ट्झची लहर स्नायूत शिरली की सातेक सेंटिमीटरमध्ये तिचा जोर एक-तृतीयांशावर येतो. जीपीएसची लहर त्याच्या निम्म्या खोलीतच थकते. शिवाय स्नायूजवळ अँटेनाचा सूर उतरतो. हवेत १५० वर जुळवलेली तार मानेला टेकली की खालच्या वारंवारतेला बोलू लागते, तबल्याची शाई ओली झाल्यासारखी. पट्टा आणि कातडी यांत बोटभर अंतर आहे की दोन बोटं, केस कोरडे आहेत की ओले, यावर हा सूर बदलतो. नव्या मुलखाच्या शोधात निघणारे वाघ बहुधा दोन-अडीच वर्षांचे नर. त्यांची मान वाढत असते, म्हणून पट्टा थोडा सैल ठेवावा लागतो. म्हणजे आज जुळवलेला सूर सहा महिन्यांनी तोच राहणार नाही.

हे सगळं वाघाला बेशुद्ध करून तपासता येत नाही. संगणकावर मान उभी करावी लागते. केन यी यांनी १९६६मध्ये सुचवलेल्या पद्धतीत सगळी जागा बारीक घनांमध्ये तोडतात आणि मॅक्सवेलची समीकरणं घनाघनात, क्षणाक्षणाला सोडवत जातात. पण घन चौकोनी आणि मान गोल. चौकोनी विटांनी गोल विहीर बांधायला घेतल्यासारखं ते होतं : कडेला पायऱ्या पडतात, आणि पट्ट्यात शिवलेली पातळ तार नेमकी त्या पायऱ्यांवरून ठेचकाळत जाते. विटा लहान केल्या तर पायऱ्या बारीक होतात, पण घनाची बाजू निम्मी केली की घनांची संख्या आठपट आणि वेळेचे टप्पे दुप्पट, म्हणजे काम सोळापट. विहीर बांधणारे गवंडी काय करतात? दगड पाचरीसारखे घडवतात. संगणकातही तेच करतात; कडेचे घन वक्रतेनुसार छाटतात, नाहीतर मुळातच चौकोनी घनांऐवजी वळणाबरोबर वळणारे चतुष्फलक घेतात.

मॉडेलवर विसंबून चालत नाही, म्हणून खोटी मानही बनवतात. प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी, मीठ आणि साखर. मिठाने विद्युतवाहकता वाढते, साखरेने पाण्याचा विद्युत स्थिरांक स्नायूच्या पातळीला उतरतो. थोडक्यात, दाट जलसंजीवनी. विद्यार्थ्यांना मी हा प्रयोग देतो तेव्हा ते आधी हसतात. मग अँटेना पिंपाजवळ नेताच यंत्रावरची दरी डावीकडे सरकताना पाहतात आणि गप्प होतात.

पण पिंप हलत नाही, वाघ हलतो. तो पाठीवर लोळतो तेव्हा आकाशाकडे पाहणारी चकती जमिनीत तोंड खुपसते. गुहेत, कपारीत शिरला की आकाशाची चिंचोळी फटच उरते. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात, पारा पंचेचाळिशीच्या वर गेला की तो दुपारभर पाणवठ्यात गळ्यापर्यंत बसून राहतो. पाण्यात १५० मेगाहर्ट्झची लहर नवव्या हिश्शाएवढी आखडते. हवेसाठी कापलेल्या तारेला तिथे काही बोलता येत नाही. वैनगंगा पोहून जातानाही तेच. म्हणजे पुष्कळदा कॉलर गप्प होते ती बिघडलेली नसते आणि वाघही सुखरूप असतो.

हे माहीत असूनही शांतता सोसवत नाही, कारण तिच्यामागे कधीकधी खरंच काहीतरी घडलेलं असतं. उमरेड-कऱ्हांडल्याचा जय २०१६च्या एप्रिलनंतर दिसलाच नाही. त्याच्याही गळ्यात कॉलर होती. ब्रह्मपुरी भागातून नेऊन २०१७च्या जुलैमध्ये बोरला सोडलेली वाघीण ऑक्टोबरमध्ये वर्धा जिल्ह्यात शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेने मेली, तीही कॉलरसकट. उलट, टिपेश्वरचा टी१-सी१ फेब्रुवारी २०१९मध्ये कॉलर लागल्यावर तेलंगणाचा काही भाग पार करून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोहोचला. डॉ. बिलाल हबीब यांच्या भारतीय वन्यजीव संस्थेतल्या गटाला त्याच्या पायांचा सगळा हिशेब, तीन हजार किलोमीटरच्या वर, त्या पट्ट्याने दिला. ताडोब्यातून ओडिशात सिमिलीपालला नेलेली झीनत डिसेंबर २०२४मध्ये झारखंडमार्गे बंगालमध्ये भटकत गेली, तिचा माग काढत पथकं बांकुड्यापर्यंत पोहोचली तीही कॉलरमुळेच.

म्हणून गावातल्या प्रश्नाला माझं उत्तर असं : कॉलर वाघ कुठे ‘आहे’ हे सांगत नाही, तो शेवटचा कुठे ‘होता’ ते सांगते. बॅटरी वाचवण्यासाठी तिला तासातासाने किंवा त्याहून विरळ बोलायला लावलेलं असतं, आणि त्यातलेही काही निरोप मान, पाणी आणि बांबू गिळतात. नकाशावर आपण फक्त आलेले ठिपके काढतो. न आलेलेही त्यांच्या वेळेसकट काढले, तर दुपारी दोनच्या, पाणवठ्याजवळच्या शांततेने कुणी घाबरणार नाही. आणि रात्री अकराच्या, शेताच्या बांधावरच्या शांततेला वनरक्षक लगेच निघेल.

बऱ्याच कॉलरमध्ये आणखी एक सोय असते : पट्टा ठरावीक तास अजिबात हलला नाही, तर ‘टिक-टिक’ जलद होते. वाघ मेला, किंवा पट्टा गळून पडला. काही कॉलर मुदत संपली की आपोआप सुटतात. सुटलेला पट्टा पानगळीत चपटा पडलेला असतो, वक्रता संपलेली, मान नाही, पण तार आता जमिनीला टेकलेली, आणि जमीनही लहर पितेच. वाघाच्या गळ्यात असताना जेवढ्या लांबून ऐकू यायची, त्याच्या बऱ्याच कमी अंतरावरून ती आता ऐकू येते. मग यागी हातात घेऊन पालापाचोळ्यात गोल गोल फिरावं लागतं. पट्टा हाती लागला की मी तरी आधी दातांच्या खुणा पाहीन, आणि तारेचा सूर मोजीन : गळ्यात बसवताना होता त्यापेक्षा तो किती उतरला आहे.