नखांचा दिवा

गेल्या दिवाळीनंतर आमच्या जटपुऱ्यांतल्या घरीं एक नवाच दिवा आला. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या सौंदर्यप्रसाधनाचा अभ्यासक्रम पुरा करून ब्रह्मपुरीस लहानसें ब्यूटी पार्लर थाटणार होती, व नखांवर जेलचा लेप देण्याकरितां तिला हा दिवा हवा होता. "चांद्याच्या उन्हांत काय कमी आहे, म्हणून नखांना आणखी दिवा?" असें मातोश्रींनीं विचारलें. आम्ही सर्व हंसलों; पण त्यांचें म्हणणें अगदींच चुकीचें नव्हतें, हें पुढें कळलें.

साधें नेलपॉलिश वाळतें, म्हणजे त्यांतील द्रावक हवेंत उडून जातो. जेल वाळत नाहीं. तें घट्ट होतें. त्यांत मिसळलेलें एक द्रव्य ठराविक लांबीच्या प्रकाशलहरी शोषून घेतें, आणि मग ॲक्रिलेट जातीचे सुटे रेणू सांखळीप्रमाणें एकमेकांस जोडले जातात. ह्या लहरी बव्हंशीं जंबुपार होत, आणि त्या उन्हांतहि असतात. जेलची बाटली खिडकींत राहिली तर तें बाटलींतच घट्ट होतें. मातोश्रींचें ऊन कामास येतें तें असें, नको त्या वेळीं.

पहिला दिवा आम्हींच एका मोठ्या शहरांतून स्वस्तांत आणला. पेटीवर वॅटचा भला मोठा आंकडा छापलेला होता, त्यालाच आम्ही भुललों. वास्तविक वॅट हें दिवा वीज किती खातो ह्याचें माप. नखावर उपयोगी प्रकाश किती पडतो ह्याचें नव्हे. 2920 मेगावॅटचें औष्णिक वीजकेंद्र ज्यांच्या उशाशीं आहे, त्या आम्हां चांदेकरांस तरी हें सुचावयास हवें होतें! लेप वरून टणक झाला, खालीं मऊच राहिला. शेजारची एक मुलगी, लग्न आठ दिवसांवर आलेलें, बोटांचीं टोकें लाल होऊन खाजतात म्हणून रडत आली. त्वचारोगतज्ज्ञांनीं सांगितलें कीं, अर्धवट राहिलेल्या ॲक्रिलेटची ही ॲलर्जी. ती एकदां जडली कीं बहुधा जन्मभर राहते. त्याच जातीचीं द्रव्यें दांतांत भरण्याच्या मसाल्यांत व सांधे बदलतांना वापरावयाच्या हाडांच्या सिमेंटांतहि असतात. तेव्हां पुढें दंतवैद्याकडे जातांना हें सांगण्यास विसरूं नये. मुलीचें लग्न पार पडलें, पण अंतरपाटापाशीं तिच्या बोटांना मलम होतें. पुतणीनें पैसे परत केले, दिवा माळ्यावर टाकला, आणि महिनाभर दुकानाचें नांव काढलें नाहीं.

दुसऱ्या खेपेस आम्हीं आधीं जेल ठरविलें आणि त्याच उत्पादकानें त्याच जेलसाठीं सांगितलेला दिवा घेतला. ही एकच गोष्ट पाळली असती तरी पहिला अनर्थ टळला असता. जुन्या तऱ्हेच्या दिव्यांत नऊ नऊ वॅटच्या चार नळ्या असत. त्यांस एका थराला सुमारें दोन मिनिटें लागत, आणि नळ्या निळ्या दिसत राहिल्या तरी त्यांचा जोर कांहीं महिन्यांत ओसरे. आतांचे एल.ई.डी. दिवे बहुधा 365 व 405 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश देतात व अर्ध्या ते एका मिनिटांत काम करतात. "आमच्या दिव्यांत जंबुपार किरण नाहींतच" असें सांगणाऱ्या दुकानदारावर मात्र विश्वास ठेवूं नये. दिव्यांत आंगठा आडवा पडतो व त्याच्या नखाला प्रकाश कमी मिळतो. म्हणून दोन्ही आंगठे वेगळे धरावे. घट्ट होतांना जेल स्वतःच उष्णता सोडतें, यास्तव थर पातळ हवा, आणि हळूहळू तेज वाढविण्याची सोय असलेला दिवा बरा. पुतणी वधूंच्या घरीं वडसा, कुरखेड्यापर्यंत जाते, तेथें विजेचा भरंवसा नसतो. तिनें बॅटरीचा दिवा घेतला, पण बॅटरी उतरतांच प्रकाश मंद होण्याऐवजीं जो सरळ बंद पडतो, असा पाहून घेतला.

किरणांचें भय किती बाळगावें? 2023 सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनीं बशींतल्या पेशींवर हे दिवे रोखले. वीस मिनिटांच्या एका सत्रांत वीस ते तीस टक्के पेशी मेल्या. बशींतली पेशी म्हणजे माणसाचा हात नव्हे, आणि एका बैठकींत हात कांहीं मिनिटेंच दिव्याखालीं असतो, हें खरें. तथापि बोटांचीं टोकें कापलेले हातमोजे घालण्यास किंवा आधीं सनस्क्रीन लावण्यास फारसा खर्च नाहीं. उन्हानें अंगावर पुरळ उठविणारीं औषधें चालूं असतील, तर वैद्यांस विचारल्यावांचून हात पुढें करूं नये. युरोपीय संघानें 1 सप्टेंबर 2025 पासून प्रसाधनांत टी.पी.ओ. हें प्रकाशशोषक द्रव्य वर्ज्य केलें आहे. त्याऐवजीं दुसरें द्रव्य घातलेल्या जेलला हातचा दिवा पुरेलच असें नाहीं. बाटली बदलली कीं दिव्याचाहि विचार पुन्हा करावा लागतो.

माघांत दुकान उघडलें. वडशाच्या झाडीपट्टी नाटकांतील दोन नटी हीं तिचीं पहिलीं गिऱ्हाइकें. मातोश्रींनीं स्वतःचीं नखें अद्याप पुढें केलेलीं नाहींत, पण ब्रह्मपुरीस गेल्या कीं दुकानांत खुर्ची टाकून बसतात, आणि दिवा लागला कीं "साठ झाले का?" म्हणून मोठ्यानें मोजतात.